शब्दचर्चा: 'स्पागेत्ताता', 'आल देंते', 'मान्तेकारे', 'स्कार्पेत्ता' यांना मराठीत काय म्हणावं?

बोरू:
एका इटालियन मजकुराचा मराठी अनुवाद चालू आहे. रोममधलं घर, रात्रीची वेळ, एकीने जिवलग मैत्रिणीला जेवायला बोलावलंय. दोघींपुरती स्पागेत्ती (काड्यांसारखा लांब पास्ता), लसूण-तेल-मिरचीतली, सोबत पाव. या जेवणाला मुळात 'स्पागेत्ताता आल्ला बुओना' म्हटलंय. स्पागेत्ती 'आल देंते' शिजते, मग कढईत 'मान्तेकारे' करतात आणि शेवटी ताटलीत उरलेला रस पावाने पुसून घेतात, ती 'स्कार्पेत्ता'. मजकुरात पाककृतीही आहे, त्यामुळे शब्द असे हवेत की वाचून करणाऱ्याचं चुकणार नाही. 'आल देंते'साठी 'बोटचेपी' कसं वाटतं?

उलथनं:
'बोटचेपी' नको. डाळ बोटचेपी होते म्हणजे दाणा अख्खा दिसतो, पण बोटांत धरून दाबला की त्याचं पीठ होतं. आल देंते स्पागेत्ती अशी चेपत नाही, चावताना ती मधोमध दाताला अडते. शब्दाचा सरळ अर्थही 'दाताला' एवढाच आहे. शिवाय 'बोटचेपं धोरण' म्हटलं की कणा नसलेलं, आणि इथे तर कणाच हवाय.

आपल्याकडे याला जवळचा शब्द 'कणी' आहे. बिर्याणीचा भात कणी राखून उतरवतात, तसंच. स्पागेत्तीची एक काडी काढून तोडून पाहिली तर मध्ये टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसतो. इटालियन लोक त्याला 'आनिमा' म्हणतात, म्हणजे आत्मा. पाणी आणि उष्णता बाहेरून आत जातात, म्हणून बाहेरचा स्टार्च फुगलेला असतो आणि मधला अजून नसतो.

मात्र पाककृतीत दोन टप्पे वेगळे ठेवा. पाण्यातून काढताना ठिपका दिसला पाहिजे, तिथे 'कणी राखून काढावी'. कढईत आणखी दोनेक मिनिटं शिजली की ठिपका जातो, नुसता चिवटपणा उरतो, तिथे 'दाताला लागेल इतपत'. ताटातल्या पदार्थाला 'कणी राहिली' म्हटलंत तर मराठी वाचक ती कच्ची समजेल, कारण आपल्याकडे ते दोष दाखवायचंच वाक्य आहे.

पाटावरवंटा:
कणी राहण्यामागे गहूही आहे. इटलीत बनणारा सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असावा असा नियम 1967 पासून आहे. आपला बन्सी गहू याच जातीचा. त्याच्या शेवया शिजल्यावर मोकळ्या राहतात, कारण त्याचं प्रथिनांचं जाळं स्टार्चला धरून ठेवतं. मैद्याची स्पागेत्ती कितीही घड्याळ लावून शिजवली तरी ती बाहेरून गिळगिळीत होते तेव्हा आतून कच्ची असते. अनुवादात एकदा 'ड्युरम, म्हणजे बन्सीच्या जातीच्या गव्हाची' असं टाकाच.

बोरू:
कणी पटली. आता 'मान्तेकारे'. 'घोळवणे' लिहू का?

उलथनं:
घोळवण्यात दोन गोष्टी वेगळ्याच राहतात, लाडू साखरेत घोळवावा तशा. मान्तेकारेत तेल आणि पाणी एकजीव व्हायला हवं. मूळ स्पॅनिश 'मान्तेका'त आहे, लोणी किंवा चरबी. म्हणून रिझोत्तोत (इटालियन मऊ भातात) लोणी आणि चीज घालून करतात तेही मान्तेकारेच. मराठीत 'मिळून आणणे'. आमटी मिळून येते, तसाच हा रस मिळून यायला हवा. आणि फसला तर होतं ते 'चोथापाणी': तळाला तेलाचं तळं, वर कोरडी स्पागेत्ती.

दोघींसाठी नेमकं सांगतो. स्पागेत्ती 200 ग्रॅम. नेहमीचा हिशोब 100 ग्रॅमला 1 लिटर पाणी आणि लिटरला 10 ग्रॅम मीठ, पण या पदार्थाला दीड लिटरच घ्या आणि मीठ 12 ग्रॅमच्या आसपास. पाणी कमी म्हणजे त्यात स्टार्च दाट, आणि तेच पाणी पुढे रसात जाणार असल्याने मीठ बेतानं. त्या पाण्यात तेल घालू नये, नंतर रस चिकटत नाही. काड्या मोडू नयेत.

रुंद कढईत ऑलिव्ह तेल 60 मिली. लसणाच्या 3 पाकळ्या पातळ चिरून *थंड* तेलातच घालायच्या, मग मंद आच. कडा सोनेरी दिसायला लागल्या की सुक्या लाल मिरचीचा चुरा, आणि लगेच पळीभर पास्त्याचं पाणी, म्हणजे लसूण पुढे जळत नाही. कढई आधी आचेवरून उतरवा, तेल उडतं. लसूण तपकिरी झाला की कडू होतो आणि तो कडवटपणा सगळ्या तेलात उतरतो, त्याला नंतर उपाय नाही. तेल टाकून पुन्हा करावं.

पाकिटावरच्या वेळेच्या 2 मिनिटं आधी स्पागेत्ती चिमट्याने थेट कढईत, निथळत न ठेवता. धुवायची तर मुळीच नाही, स्टार्च निघून जातो. आणखी अर्धी वाटी पाणी, मोठी आच, कढई जोरात हलवत राहायची. रस दुधाळ होऊन काड्यांना चढला की मिळून आलं. वरून चिरलेली पार्सली. चीज परंपरेने घालत नाहीत.

कोकणकडा:
'स्पागेत्ताता'ला 'स्पागेत्तीचा बेत' छान बसेल. इटालियनमधलं '-आता' पदार्थाभोवती जमलेल्या माणसांचं सुचवतं, आपण 'पिठलं-भाकरीचा बेत' म्हणतो तेव्हा तेच. पण बेत आधी ठरतो, आणि स्पागेत्ताता बहुतेकदा ऐनवेळी होते, कित्येकदा मध्यरात्रीही, कारण तेल, लसूण, मिरची घरात असतातच. तेव्हा 'ऐनवेळचा बेत'.

'आल्ला बुओना'ला 'मीठभाकर' कुणी सुचवलं तर घेऊ नका. 'आमची मीठभाकर गोड मानून घ्या' यात यजमानाची नम्रता आहे, थोडं अंतरही. जिवलग मैत्रिणीशी कुणी असं बोलत नाही. आल्ला बुओना म्हणजे एवढंच की मांडामांड नाही. 'साधंच काहीतरी करू' हे वाक्य पुरेसं आहे.

पाटावरवंटा:
'स्कार्पेत्ता'साठी 'निपटणे'. 'पावाने ताटली निपटून घेतली.' 'चाटूनपुसून' नको, त्यात सगळं फस्त केल्याचा भाव येतो. स्कार्पेत्ता म्हणजे अक्षरशः छोटा जोडा, आणि क्रिया फक्त उरलेल्या रसापुरती आहे. औपचारिक पंगतीत ती शिष्टाचारात बसत नाही, घरात जवळच्या माणसासमोर बिनदिक्कत करतात. म्हणजे मूळ लेखिकेने हा शब्द मैत्री दाखवायलाच ठेवला असणार, तो गाळू नका. मराठी वाचकाला बोटाने ताट निपटणं ठाऊक असतं, म्हणून 'पावाच्या तुकड्याने' हे शब्द मात्र हवेतच.

बोरू:
आभार. पदार्थाचं नाव 'अग्लिओ ओलिओ' असं छापलेलं दिसतं, तेच ठेवू?

कोकणकडा:
'आल्यो ए ओल्यो' लिहा. इटालियनमध्ये त्या जागी 'ग' उच्चारत नाहीत, आपल्या 'ल्य'च्या जवळचा ध्वनी आहे. उलट 'स्पागेत्ती'त 'ग' पक्का, त्याचा 'ज' करू नये.