अनुभव धागा : समुद्र म्हटलं की वेंगुर्ला

बेळगावात 'समुद्राला जाऊया' म्हटलं की निम्मी गाडी गोव्याकडं वळते. आमच्या घरात मात्र वेंगुर्लाच. आंबोलीतनं उतरायचं, सावंतवाडी मागं टाकायची, पोचलो. मे महिन्यात पुण्याचे पाहुणे घेऊन जायचंय. तुम्ही काय बघितलं, कुठं फसलात, लिहा की.

शहापूरकर
आधी बंदर. रेल्वे नव्हती तेव्हा बेळगावचा माल याच बंदरातनं जायचा-यायचा, आमच्या खापरपणज्याच्या बैलगाड्या होत्या म्हणे या वाटेवर. गावातली डचांची वखार सतराव्या शतकातली. पडकी आहे, पाच मिनिटांत बघून होते, पण चुकवू नका.

खानापूरची काकू
वेंगुर्ल्याच्या सागरेश्वर किनाऱ्यावर पहाटे रापण, म्हणजे काठावरनं ओढायचं मोठं जाळं, ओढत होते. पोरं म्हणाली आम्हीपण, मग मीही पदर खोचला. दोरीच्या दोन टोकांना माणसं, उलटं चालत ओढायचं. पायाखालची वाळू सरकते आणि हाताचं कातडं निघतं. पाऊण तासानं जाळं लागलं : शेवाळ, दोन गिळगिळीत जेलीफिश आणि तारल्या, म्हणजे छोटे मासे. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं 'घ्या बाय, तुमचो वाटो' म्हणून ओंजळभर तारल्या पिशवीत घातल्या. पिशवी आंबोलीपर्यंत गळत होती. मालक अजून गाडीच्या वासावरून बोलतात.

निपाणीकर मास्तर
शिरोड्याला जा. १९३०चा मिठाचा सत्याग्रह तिथं झाला. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ तिथल्याच शाळेत मास्तर होते, म्हणून मला ओढ जास्त. पोरांना किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातच रस, ते चालायचंच.

हिंडलगेकर
लॉजच्या फोटोत समुद्र, खिडकीतनं शेजारच्याची पाण्याची टाकी. पैसे आधी भरू नका. रेडीचा गणपती मात्र झकास, द्विभुज. १९७६ साली खाणीत सापडलेली मूर्ती. भाविकांची गर्दी असते, सकाळी लवकर गाठा.

वडगावची सून
माझं माहेर तिकडचं म्हणून सांगते, पावसाळ्यात पाण्यात उतरायचं नाही, कितीही शांत दिसलं तरी. आणि बांगड्याच्या कालवणात तिरफळ असतं, जीभ बधिर करणारा मसाला, ते चावायचं नाही! आमच्या ह्यांनी पहिल्या जेवणातच चावलं. सासुरवाडीत बिचारे तासभर मुके.

धागाकर्ता
रापण नक्की. पिशव्या दोन नेतो, एकात एक घालून.