झडप बदलल्यानंतरही हृदयाचा स्नायू जाड : संप्रेरकांविषयी सल्ला हवा आहे

निशिगंध :
माझ्या आईची (वय 57) महाधमनीची अरुंद झालेली झडप आठ महिन्यांपूर्वी बदलून धातूची बसवली. शस्त्रक्रियेआधीच्या इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) दोन जवनिकांमधल्या (हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या) पडद्याची जाडी 15 मिलिमीटर होती, आता 13 आहे. झडप उत्तम चालते, तरीही जिना चढताना तिला धाप लागते. वॉरफरिन (रक्त गोठू न देणारे औषध) आणि थायरॉईडची गोळी चालू आहे. या जाडीला संप्रेरकेही (हार्मोन्स) कारणीभूत असतात असे वाचले. डॉक्टरांना नेमके काय विचारावे?

वाटसरू :
वडिलांच्या वेळी आम्हीही याच काळजीत होतो, म्हणून सविस्तर लिहितो. झडप बदलली की स्नायूवरचा भार लगेच उतरतो, पण अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके रक्तदाब वाढवतातच, शिवाय स्नायूच्या पेशींना वाढायला आणि त्यांच्यामध्ये तंतुमय ऊती साठायला थेट चालना देतात. पेशी आधी आकसतात, तंतू मात्र फार सावकाश कमी होतात आणि जिथे पेशी मरून व्रण झाला आहे तो जात नाही. जाडी पहिल्या वर्षात बरीच उतरते, त्यापुढेही काही वर्षे थोडी थोडी उतरत राहते. त्यामुळे आठ महिन्यांत 13 हा आकडा मला निराशाजनक वाटत नाही. एखाद्या मिलिमीटरचा फरक मोजणाऱ्याच्या हातामुळेही पडतो, म्हणून अहवालात डाव्या जवनिकेच्या स्नायूचे वस्तुमान शरीराच्या आकारमानाच्या प्रमाणात दिले आहे का, ते पाहा.

माझा आग्रह रक्तदाबाच्या वहीचा आहे. पाच मिनिटे शांत बसून, हात टेबलावर टेकवून, सकाळ-संध्याकाळ घेतलेले आकडे आम्ही दाखवले, तेव्हाच वडिलांचा दाब पहाटे चढतो हे लक्षात आले आणि गोळी बदलली.

औषधी :
मी औषधनिर्माता आहे, त्यामुळे गोळ्यांविषयी लिहितो. रक्तदाबासाठी अँजिओटेन्सिन रोखणारे औषध चालेल का, हे अवश्य विचारा. ते सुरू झाल्यास रक्तातले पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) तपासावे लागते. थायरॉईडची मात्रा बदलली की वॉरफरिनचा परिणामही बदलतो, म्हणून टीएसएचनंतर (थायरॉईडच्या रक्ततपासणीनंतर) मात्रा वाढवली तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) लवकर करून घ्या. थायरॉईड संप्रेरक गरजेपेक्षा जास्त झाले तर हृदयाचे ठोके वाढतात आणि स्नायूवरचा ताणही वाढतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेनचे संरक्षण कमी होते हे खरे, पण केवळ हृदयासाठी इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेऊ नयेत. त्यांनी रक्त गोठण्याचा धोका वाढतो आणि धातूच्या झडपेवर तो विशेष गंभीर आहे. धाप टिकून असेल तर पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका. हृदयावर ताण आला की हृदयच जे संप्रेरक सोडते, त्या बीएनपीची तपासणी आणि हिमोग्लोबिन यांविषयी आताच विचारा.

निशिगंध :
दोघांचेही मनापासून आभार. तिची टीएसएच तपासणी शस्त्रक्रियेआधीची आहे, हे आत्ता अहवाल चाळताना लक्षात आले. उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करते आणि वही आजपासून सुरू करते.