हँडलच्या काचांना पॉवर विंडो बसवली, काच वर जाताना अडते – मदत हवी आहे

मंडळी, गाडी जुनी, चारही दारांना हँडल. मला हँडलचं काही वावडं नव्हतं, पण एकटा चालवताना पाऊस आला की पलीकडची काच लावायला गाडी बाजूला घ्यावी लागते, पट्टा लावलेला असताना आडवं होऊन हँडल फिरवायचा उद्योग एकदा करून झालाय, परत नाही. म्हणून पुढच्या दोन दारांना मोटर लावायचं ठरवलं, मागे हँडलच राहू दे.

आधी याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटची मोटरवाली मशीन (दाराच्या आत काच वरखाली करणारी यंत्रणा) शोधली, ती मिळाली असती तर बोल्टची भोकंही बहुतेक जुळली असती. नाही मिळाली. मग युनिव्हर्सल किट घेतलं, म्हणजे आतली जुनी कात्री मशीन तशीच ठेवून हँडलच्या दातेरी दांड्यावर मोटर बसते ते. हँडलमागे घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते, फडकं घालून मागेपुढे ओढलं तर टण्णकन उडून सीटखाली गेली, अर्धा तास तिलाच शोधत होतो. दाराच्या आतल्या पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद असतो, तो जपून काढा, दारात उतरलेलं पाणी गाडीत येऊ नये म्हणून असतो, माझा कोपऱ्यात फाटलाच.

तर ड्रायव्हर साइडची मशीन काढली, साफ करून ग्रीस लावलं, काच खाली असतानाच परत आवळली, आणि किटमधलीच वायर वापरून फ्यूज बॉक्समधून इग्निशनचा सप्लाय घेतला, फ्यूज २० अँपिअरचा. काच खाली सरसर जाते. वर येताना अर्ध्यापर्यंत ठीक, मग कण्हत कण्हत येते आणि शेवटची चार बोटं राहिली की तिरकी होऊन थांबते. इंजिन चालू असेल तर जरा बरी. तीनचार वेळा बटण दाबलं की मोटर मरते आणि दहा मिनिटांनी आपोआप जिवंत होते, हे काय गौडबंगाल? फ्यूज दोनदा उडाला. वायरमन म्हणतो ३०चा टाक. टाकू का? का मोटरच कमी ताकदीची आहे?

प्रतिसाद

३०चा अजिबात टाकू नका. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो, बारीक वायरवर मोठा फ्यूज म्हणजे पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर तापणार, तीही दाराच्या आत.

मोटर मरते ते बरंय, आत तापमानाचा कटआउट असतो, थंड झाली की परत चालू. जुनं हँडल आहे ना? मोटर सोडवा, हँडल लावून हाताने फिरवा. हाताला जड लागलं तर मोटर बिचारी काय करणार, काचेच्या दोन्ही बाजूंचं रबर कडक झालेलं असतं. ते आतून पुसून सिलिकॉन स्प्रे मारा, ग्रीस किंवा तेल नको, धूळ धरतं. तिरकेपणा तुम्हीच करून ठेवलाय :) मशीनचे बोल्ट ढिले करा, काच पूर्ण वर नेऊन रबरात नीट बसवा, आणि वर असतानाच आवळा. आणि काच चालू असताना मोटरच्या प्लगवर मीटर लावा. बॅटरीला १२ व्होल्ट आणि तिथे ९-१० दिसलं तर वायर बारीक आहे किंवा अर्थ (बॉडीला जोडलेली मायनसची बाजू) खराब. जाड वायर, रिले (बटणाच्या थोड्या करंटवर मोटरचा मोठा करंट चालू करणारा स्विच), आणि दार ते बॉडी मध्ये वायरवर रबरी नळी घालाच, नाहीतर दार उघडझाक होऊन वायर तिथेच तुटते.

घरात लहान मुलं असतील तर स्विच वर ओढल्यावर काच चढेल असाच घ्या. दाबायचा असेल तर गुडघा पडला तरी चढते, आणि या किटना काही अडकलं की थांबायची अक्कल सहसा नसते.

धागाकर्ता

हँडल लावून बघितलं, शेवटच्या चार बोटांना दोन्ही हात लावावे लागले! बोल्ट काच वर ठेवून आवळले, आता सरळ जाते. मीटरवर ९.४, म्हणजे वायर बदलणं आलंच. पलीकडच्या दाराला दोन्हीकडून स्विच हवाय, ड्रायव्हरकडूनही आणि तिकडूनही, ते कसं जोडायचं? दोन्ही स्विच समांतर जोडले तर चालेल का?

प्रतिसाद

समांतर नको! एकानेच दाबलं तरी सरळ शॉर्ट, दुसऱ्या न दाबलेल्या स्विचमधून तीच वायर अर्थला असते. स्विच सोडलेला असताना मोटरच्या दोन्ही वायरी अर्थला असतात, दाबला की एक प्लसवर जाते. तिकडच्या स्विचच्या त्या दोन अर्थच्या पिना अर्थला न देता तुमच्या स्विचच्या आउटपुटला न्या, झालं. प्लस दोघांना. पाच पिनांचेच स्विच घ्या.