शब्दचर्चा: नकाशाची ‘प्रमाणित शैली’ की ‘मानक शैली’?

प्रश्न

नमस्कार मंडळी. भूगोलाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी वेबनकाशांवर मराठीत टिपणं लिहिते आहे. सध्या ‘एसएलडीरीडर’ या जावास्क्रिप्ट लायब्ररीपाशी (म्हणजे तयार कोडच्या संचापाशी) अडले आहे. नकाशातले रस्ते, नद्या, गावं कोणत्या रंगात, किती जाडीनं, कोणत्या खुणेनं दाखवायची हे ‘स्टाइल्ड लेयर डिस्क्रिप्टर’ म्हणजे एसएलडी नावाच्या एक्सएमएल फायलीत लिहितात. नकाशे पुरवणाऱ्या जिओसर्व्हरला ती फाइल कळते, नकाशे बनवायच्या क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरमधून ती काढता येते; ब्राउझरमध्ये नकाशा दाखवणाऱ्या ओपनलेयर्स या लायब्ररीला मात्र ती थेट समजत नाही. एसएलडीरीडर ती वाचून ओपनलेयर्सच्या शैलीत बदलून देते. मी लिहिलं, ‘प्रमाणित नकाशाशैली लागू करणारं कोड-ग्रंथालय’. वाक्य खटकतं आहे. सिम्बॉलायझर, फीचर (नकाशातली एकेक गोष्ट: रस्ता, खांब, हद्द) आणि स्केल डिनॉमिनेटर यांनाही शब्द हवेत.

प्रतिसाद

ताई, ‘ग्रंथालय’ काढाच. आपण सगळे लायब्ररीच म्हणतो, तेच ठेवा.

‘प्रमाणित’ला माझा खरा विरोध आहे. प्रमाणित प्रत म्हणजे कुणीतरी शिक्का मारून खरी ठरवलेली प्रत. एसएलडी फायलीवर असा कुणाचा शिक्का नसतो. ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम या नकाशांच्या माहितीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं २००२ मध्ये एसएलडीची १.०.० आवृत्ती काढली, पुढे १.१.० च्या वेळी चिन्हांचा भाग ‘सिम्बॉलॉजी एन्कोडिंग’ म्हणून वेगळा केला. फाइल कशी लिहायची याचे नियम त्यात आहेत, ते पाळून कुणीही आपली शैली लिहावी. भारतीय मानक ब्युरोत जो ‘मानक’ आहे तोच इथे बसतो. शैली तुमची, लिहिण्याची रीत मानक. म्हणून ‘मानक शैली’पेक्षाही ‘मानकानुसार लिहिलेली शैली’ म्हणणं जास्त खरं.

प्रतिसाद

‘मानक’ हिंदीतून उचलल्यासारखा वाटतो. आपल्याकडे प्रमाणवेळ आहे, प्रमाणभाषा आहे. ‘प्रमाणशैली’ का नको?

प्रतिसाद

एरवी मीही ‘प्रमाण’च घेतला असता. पण नकाशाच्या प्रांतात तो शब्द आधीच गुंतलेला आहे. शाळेपासून आपण नकाशाचं प्रमाण शिकतो: शब्दप्रमाण, अंकप्रमाण, रेषाप्रमाण. त्यातून एसएलडीत प्रमाणानुसार बदलणारी शैली खरोखरच असते. दुरून पाहताना फक्त महामार्ग, जवळ गेल्यावर गल्ल्या, असे नियम अनेक फायलींत सापडतात. ‘प्रमाणशैली’ वाचून विद्यार्थी नेमका हाच अर्थ घेईल आणि त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

प्रतिसाद

मी भूगोल शिकवतो. स्केल डिनॉमिनेटरला ‘प्रमाणछेद’ म्हणा. अंश आणि छेद पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असतात. १:१०,००० मध्ये १०,००० हा छेद. छेद वाढला की प्रमाण लहान होतं, हे वेगळं समजावावं लागत नाही. ‘किमान प्रमाण’ असं भाषांतर कुठे दिसलं तर ते खोडा. एसएलडीत किमान आणि कमाल मर्यादा छेदाला असते, प्रमाणाला नव्हे. दोन्हींची दिशा उलटी. किमान छेद नियमात धरला जातो, कमाल छेद धरला जात नाही, हेही टिपणात यायला हवं.

प्रश्नकर्ती

सर, ‘प्रमाणछेद’ एकदम पसंत. पण पडद्यावरच्या नकाशाचा छेद काढायचा कसा? प्रत्येकाचा पडदा वेगळा.

प्रतिसाद

एक पिक्सेल ०.२८ मिलिमीटरचा धरायचा, असं मानकातच ठरवून दिलं आहे. एका पिक्सेलमध्ये जमिनीवरचे २.८ मीटर येत असतील तर २.८ ला ०.०००२८ नं भागा. छेद १०,०००.

मात्र ‘जमिनीवरचे’ या शब्दावर जोर द्या. वेबनकाशांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या वेब मर्केटर प्रक्षेपणात विषुववृत्तापासून दूर जावं तसा नकाशा ताणला जातो. नकाशातले २.८ मीटर मुंबईत जमिनीवर सुमारे २.६५ भरतात, ॲमस्टरडॅमला जेमतेम १.७१. त्याच झूमला मुंबईचा छेद साधारण ९,५०० आणि ॲमस्टरडॅमचा ६,१००. ‘छेद ८,००० च्या आत असेल तरच गल्ल्या काढ’ असा नियम असेल तर ॲमस्टरडॅमला गल्ल्या दिसायला हव्यात आणि मुंबईत दिसायला नकोत. एसएलडीरीडरला हे रूपांतर फंक्शन देऊन सांगावं लागतं. दिलं नाही तर ती नकाशाचं रिझोल्यूशन (एका पिक्सेलमागचं नकाशातलं अंतर) जसंच्या तसं वापरते आणि नियम भलत्याच झूमला लागू होतात. टिपणात यावर एक अख्खा परिच्छेद खर्च करा, फार लोक इथे अडतात.

प्रतिसाद

फीचरला ‘भूरूप’ लिहू नका, एवढी विनंती. भूरूप म्हणजे डोंगर, दरी, खाडी. विजेचा खांब किंवा वॉर्डाची हद्द भूरूप कशी होईल? ‘घटक’ पुरेसा आहे.

सिम्बॉलायझरला ‘चिन्ह’ही नको, ‘चिन्हांकन’ बरं. चिन्ह म्हणजे नकाशावर दिसणारा तारा किंवा चौकोन. सिम्बॉलायझर म्हणजे ते कसं काढायचं याची सूचना. बिंदू-चिन्हांकन, रेषा-चिन्हांकन, क्षेत्र-चिन्हांकन असे तिन्ही शब्द सहज होतात. उदाहरणाला स्थलनिर्देशक नकाशा घ्या: बारमाही पाणी निळं, समोच्चरेषा तपकिरी, जंगल हिरवं. या खुणा मुलांच्या ओळखीच्या असतात, त्यांचीच एसएलडी लिहायला लावा.

प्रश्नकर्ती

‘घटक’ आणि ‘चिन्हांकन’ घेतले. ‘मानकानुसार लिहिलेली नकाशाशैली वेबनकाशाला लावणारी लायब्ररी’ असं वाक्य केलं आहे. लांब आहे, पण चुकीचं नाही. आता राहिला स्ट्रोक. ‘रेघ’ चालेल?

प्रतिसाद

रस्त्यासाठी चालेल, तलावासाठी नाही. रेषा-चिन्हांकनात स्ट्रोक म्हणजे ती रेघच. क्षेत्र-चिन्हांकनात तो तलावाचा काठ दाखवतो आणि आतला रंग फिल ठरवतो. फायलीत दोन्हीकडे एकच शब्द असला तरी मराठीत दोन वापरा: रेषेला ‘रेघ’, क्षेत्राला ‘कड’. फिलला ‘भरण’ म्हणा. ‘भराव’ लिहिलात तर तलाव बुजवल्यासारखं वाटेल.