मदत हवी आहे: बॉक्सिंगसाठी वेट मारावं का, आणि आठवड्यात कुठे बसवावं?

जॅबआधी
नमस्कार मंडळी. वय १९, उंची १७३ सेंमी, सकाळी उपाशीपोटी वजन ६३ किलो. ६५ किलो गटात खेळायचं आहे, निवड चाचणीला १२ आठवडे आहेत. बॉक्सिंग दीड वर्ष चालू आहे. सोमवार ते शनिवार संध्याकाळी दोन तास क्लास, त्यात बुधवारी आणि शनिवारी स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत). तीन दिवस पहाटे ६ किमी धावणं.

जवळच्या जिममधल्या ट्रेनरने चार्ट दिला आहे: सोमवारी छाती-ट्रायसेप, मंगळवारी पाठ-बायसेप, गुरुवारी खांदे, शुक्रवारी पाय. प्रत्येक व्यायामाचे १२ रेपचे (आवर्तनांचे) ४ सेट. क्लासचे सर म्हणतात, वेट मारलं की खांदे बांधले जातात, हात जड होतो, त्यापेक्षा जोर-बैठका मार. कुणाचं ऐकू? वेट मारायचं तर किती दिवस? वजन ६५ च्या वर गेलं तर? आणि हातात डंबेल घेऊन शॅडो (हवेत ठोसे मारण्याचा सराव) केल्याने पंच फास्ट होतो का?

कोपऱ्यातून
सर ज्याला घाबरतात ते नेमकं त्या चार्टमध्ये आहे. छातीचे तीन-चार प्रकार, प्रत्येकाचे १२ रेपचे ४ सेट, हा स्नायू फुगवण्याचा रस्ता. सोमवारी असं केलंस की मंगळवारी बॅगवर छाती आणि खांद्याची पुढची बाजू ठणकत असते. सरळ ठोसा शेवटच्या वीतभर अंतरात मंदावतो आणि हात गालाशी परत यायला उशीर होतो. एखाद्या दिवशी असं झालं तर फार बिघडत नाही. आठवड्यातले चार दिवस दुखऱ्या अंगाने तंत्राचा सराव झाला, तर तोच मंद ठोसा अंगवळणी पडतो. मग पोरं म्हणतात वेटने स्लो झालो.

ताकदीचं काम वेगळं असतं. जड वजन, ३ ते ५ रेप, दोन सेटच्या मध्ये अडीच ते तीन मिनिटं पूर्ण विश्रांती, एकूण सेट मोजके. यात स्नायूचा आकार फारसा वाढत नाही. आहे त्या स्नायूतले जास्तीत जास्त तंतू एकदम आणि लवकर कामाला लावायला मज्जासंस्था शिकते. ठोशाला हेच हवं असतं, कारण मूठ निघाल्यापासून लागेपर्यंत सेकंदाचा छोटा अंशच मिळतो.

आणि ठोसा हातात नसतो, टाचेत असतो. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका सोव्हिएत अभ्यासात पाय, धड आणि हात यांचा ठोशातला वाटा मोजला होता. अव्वल बॉक्सरांत पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के आणि हाताचा २४. नवख्यांत नेमकं उलटं, हाताचा ३८ आणि पायांचा जेमतेम १६. तुझ्या चार्टमध्ये पायांना चारातला एक दिवस, तोही सर्वात शेवटी. बाकी तीन दिवस ज्या भागावर खर्च होतात त्याचा वाटा सर्वात कमी.

अमेरिकन बॉक्सर इव्हँडर होलीफिल्डचं उदाहरण लोक नेहमी देतात. क्रूझरवेटमधून हेवीवेटमध्ये, म्हणजे वरच्या वजनगटात, जाताना त्याने पॉवरलिफ्टर फ्रेड हॅटफिल्ड आणि बॉडीबिल्डर ली हेनी यांची मदत घेतली आणि १९९० मध्ये बस्टर डग्लसला हरवून जगज्जेता झाला. त्याआधी १९८५ मध्ये बॉक्सर मायकल स्पिंक्सने ट्रेनर मॅकी शिलस्टोनच्या देखरेखीखाली वजन वाढवून लॅरी होम्सला हरवलं होतं. वेट उचलून माणूस आपोआप मंद होत नाही, एवढंच यातून घे. त्या दोघांना वजन वाढवायचं होतं, तुला वाढवायचं नाही. त्यांचं जेवण आणि सेट उचलू नकोस.

लोखंडवेळ
कोपऱ्यातून यांच्याशी सहमत. आता प्रत्यक्ष आराखडा. आठवड्यात दोनच दिवस, प्रत्येकी ४५ ते ५० मिनिटं: सोमवार आणि गुरुवार, सकाळी. संध्याकाळच्या क्लासला किमान सहा तासांचं अंतर राहील असं बघ. एकाच वेळी करावंच लागलं तर आधी बॉक्सिंग, मग वेट. तंत्र ताज्या अंगाने शिकायचं असतं. सोमवार-गुरुवार म्हणजे बुधवारच्या आणि शनिवारच्या स्पारिंगच्या आधी प्रत्येकी एक दिवस मोकळा मिळतो. धावणं या दोन दिवशी नको, मंगळवारी आणि शुक्रवारी हलकं ठेव. तिसरं धावणं रविवारी नेऊ नकोस, एक दिवस अंगाला पूर्ण सुट्टी लागते.

सोमवार: फ्रंट स्क्वॉट (रॉड खांद्यांवर पुढे धरून बैठक) ४ सेट, वजन बांधून चिन-अप (दांड्याला लटकून अंग वर ओढणं) ४ सेट, रॉडचं एक टोक कोपऱ्यात टेकवून एका हाताने प्रेस, दोन्ही बाजूंना ३ सेट, केबल छातीसमोर धरून धड वळू न देता हात पुढे नेणं, ३ सेट.

गुरुवार: रोमानियन डेडलिफ्ट ३ सेट, मागचा पाय बाकावर ठेवून स्प्लिट स्क्वॉट ३ सेट, डंबेल रो (वाकून डंबेल कंबरेकडे ओढणं) ३ सेट, दोन्ही हातांत जड डंबेल घेऊन ३० मीटर चालणं, ३ फेऱ्या. शेवटी फेस पुल (केबल चेहऱ्याकडे ओढणं), १५ रेपचे २ सेट.

रेप आणि वजन आठवड्यांनुसार बदलतं. १ ते ३: मुख्य व्यायामांचे ८ रेप, हलकं वजन, फक्त फॉर्म बसवायचा. ४ ते ७: ४-५ रेप, जड. ८ ते १०: वजन निम्म्याच्या आसपास उतरवायचं, ३ रेप, पण रॉड वर जाताना जीव तोडून वेगात; सोबत बॉक्स जंप (खोक्यावर उडी) आणि मेडिसिन बॉल (जड चेंडू) फेकणं. ११: सेट निम्मे. १२: जड काहीच नाही, चाचणीच्या चार दिवस आधी दोन-तीन उड्यांचे दोन सेट, बस.

एका रेपचं कमाल वजन काढत बसू नकोस. प्रत्येक सेट संपताना अजून दोन रेप सहज निघाले असते असं वाटलं पाहिजे. रॉड हात थरथरत वर जात असेल तर वजन जास्त आहे.

स्क्वॉट आणि डेडलिफ्ट पाहून एक-दोन महिने कुणीतरी जाणकाराने दुरुस्त करायला हवेत. सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे रोमानियन डेडलिफ्टमध्ये कंबर गोल होणं. रॉड मांडीला घासत खाली यायला हवा, नितंब मागे जायला हवेत, आणि मांडीचा मागचा स्नायू ताणला की तिथेच थांबायचं. जमिनीला टेकवायची गरज नाही.

फिजिओ_मिरज
डंबेल घेऊन शॅडोबद्दल लिहिते, कारण यातून येणारी दुखणी नेहमी दिसतात. डंबेलचं वजन खाली ओढतं, ठोसा पुढे जातो. म्हणजे स्नायूंना मिळणारा भार ठोशाच्या दिशेचा नसून हात वर धरून ठेवण्याचा आहे. खांद्याची पुढची बाजू थकते, ती थकली की खांदा कानाकडे चढतो आणि कोपर बाहेर पडतं. वेगाने मारला तर शेवटी ते वजन हाताला पुढे खेचतं आणि कोपराला झटका बसतो. अर्ध्या किलोने एखादी फेरी केली तर इजा होईल असं नाही, पण ठोसा वेगवान होण्यासाठी ती केली तर फसवणूक होते: डंबेल टाकल्यावर हात हलका वाटतो, वेग तेवढाच असतो.

दुसरं, बॉक्सर दिवसभर पुढेच ढकलत असतो. गार्डमध्ये खांदे पुढे, शेकडो ठोसे पुढे. त्यात बेंच प्रेसचे ढीगभर सेट टाकले की पाठीचं पातं नीट फिरत नाही आणि हात वर नेताना खांद्यात चिमटा बसतो. म्हणून ढकलण्याच्या प्रत्येक सेटमागे ओढण्याचे किमान दोन. लोखंडवेळ यांच्या आराखड्यात हे प्रमाण आहेच, ते मोडू नका. ‘बेंच मारतोस किती?’ विचारणाऱ्या मित्रांसाठी तर अजिबात मोडू नका.

मानेचा व्यायाम मात्र राहिला आहे. ठोसा बसल्यावर डोकं किती झटक्याने हलतं यात मानेचा हात असतो. पैलवानी ब्रिजने (डोकं जमिनीला टेकवून मानेवर अंग तोलणं) सुरुवात नको, मणक्यावर एकदम भार येतो. तळहात कपाळावर ठेवून डोकं न हलवता १० सेकंद दाबा, मग मागे, मग दोन्ही बाजूंना. अशा तीन फेऱ्या, आठवड्यात तीनदा. महिन्याभरानंतर बाकावर पालथं झोपून डोक्यामागे टॉवेलमध्ये गुंडाळलेली अडीच किलोची प्लेट धरून हळू २० रेप. चक्कर आली किंवा हाताला मुंग्या आल्या की थांबायचं आणि दाखवून घ्यायचं.

स्पारिंगमध्ये डोक्याला जोरात लागलं असेल तर त्या आठवड्यात जड वेट नाही. डोकं दुखत असताना श्वास कोंडून रॉड उचलणं धोक्याचं आहे. आधी डॉक्टर.

जॅबआधी
खूप आभार. चार्ट बाजूला ठेवतो. तीन अडचणी: जिममध्ये रॉड अडकवायला लँडमाइन नाही, मेडिसिन बॉलही नाही. सरांच्या जोर-बैठका बंद करायच्या का? आणि वजनाचं कसं?

लोखंडवेळ
लँडमाइन लागत नाही. भिंतीच्या कोपऱ्यात जुना टॉवेल गुंडाळून रॉडचं टोक त्यात रोव, वर एक २० किलोची प्लेट टेकवून ठेव म्हणजे सरकणार नाही. मालकाला आधी विचार, भिंतीचा गिलावा जातो. नुसता रॉडच २० किलोचा असतो, त्यामुळे सुरुवातीला प्लेट लावू नकोस.

हा व्यायाम नीट समजून घे, कारण यात ठोसा दिसतो. स्टान्समध्ये (बॉक्सिंगच्या पवित्र्यात) उभा राहा, रॉडचं टोक मागच्या हातात, मूठ हनुवटीजवळ, कोपर बरगडीला चिकटलेलं. मागची टाच वळव, त्यामागे कंबर, त्यामागे खांदा, आणि हात सर्वात शेवटी. हात आधी सुटला तर रॉड डुलतो, तिथल्या तिथे कळतं. खाली आणताना दोन सेकंद घे. पहिले तीन आठवडे हळू, ८ व्या आठवड्यापासून वर ढकलताना झटका.

मेडिसिन बॉलऐवजी जाड कापडाच्या पिशवीत ३ किलो वाळू भर, तोंड दोऱ्याने घट्ट शिव, वरून चिकटपट्टीचे दोन थर दे. भिंतीपासून दीड मीटरवर आडवं उभं राहून मागच्या नितंबाकडून फेक. एका बाजूला ३, मग दुसऱ्या बाजूला ३, असे ५ सेट, दोन सेटमध्ये मिनिटभर थांब. धाप लागेपर्यंत फेकत राहिलास तर तो दमाचा व्यायाम झाला, स्फोटक ताकद राहिली नाही. पाच किलोची पिशवी करू नकोस, फेक मंद होते.

कोपऱ्यातून
जोर-बैठका बंद नको. जोर मारताना पाठीचं पातं मोकळं फिरतं, बाकावर पाठ दाबलेली असताना ते होत नाही. बैठकांनी मांड्यांना आणि गुडघ्यांना दम येतो, तिसऱ्या फेरीत पाय टिकायला तो लागतो. पण ५० जोर निघायला लागल्यावर ५१ वा जोर ताकद वाढवत नाही, सहनशक्ती वाढवतो. म्हणून त्या क्लासच्या वॉर्म-अपमध्ये ठेव, २० जोर आणि ३० बैठका. शेकड्याने मारायच्या तर गुरुवारच्या आधी नकोत, मांड्या भरून येतात. सरांना आराखडा दाखव आणि स्पारिंगच्या दिवशी काही जड नाही हे सांग. त्यांचा विरोध बहुधा तिथेच मावळेल.

वजनाचं. वेट मारल्याने वजन वाढत नाही, गरजेपेक्षा जास्त खाल्ल्याने वाढतं. दररोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी वजन घे आणि आठवड्याची सरासरी लिही. ६३ वरून ६४ पर्यंत १२ आठवड्यांत जायला हरकत नाही. एका आठवड्यात अर्ध्या किलोहून जास्त चढलं तर रात्रीची एक भाकरी कमी कर, प्रथिनं कमी करू नकोस. ती दिवसाला १०० ते १२० ग्रॅम हवीत: ४ अंड्यांतून २४, अर्धा लिटर दुधातून १६, कोरड्या ५० ग्रॅम सोयाबीन वडीतून २५ च्या आसपास, उरलेली डाळ, उसळ, दही आणि चिकन किंवा पनीर यांतून.

क्रिएटिन कुणी सुचवेल. चालतं, रोज ३ ते ५ ग्रॅम, पण त्याने स्नायूंत पाणी धरून किलो-दीड किलो वजन चढू शकतं. घ्यायचं तर आताच सुरू कर म्हणजे नवं वजन कळेल. शेवटच्या तीन आठवड्यांत नव्याने काहीही सुरू करू नकोस. हौशी बॉक्सिंगमध्ये वजन लढतीच्या दिवशी सकाळी होतं, स्पर्धा लांबली तर पुन्हा पुन्हा. व्यावसायिकांसारखं आदल्या दिवशी पाणी तोडून दोन किलो उतरवायचं आणि रात्रीत भरून काढायचं, हे इथे जमत नाही. त्या पाण्याची किंमत पायांत मोजावी लागते.

लोखंडवेळ
एक राहिलं. दर सोमवारी वॉर्म-अपनंतर जागेवरून लांब उडी मार, तीनदा, सर्वात लांब उडी वहीत लिही. २ मीटर २० सेंमी मारणारा एखाद्या सोमवारी २ मीटर १० च्या आत आला, तर त्या दिवशी रॉडवरचं वजन आणि सेट दोन्ही कमी. मन नाही म्हणालं तरी कमी.