दादाच्या दारूचं काय करू? एचआयव्हीची भीती आहे (मदत हवी आहे)

घाटरस्ता: दादा ट्रकवर आहे, कळंबोली-बेंगळुरू. रोज चपटी, गाडी उभी असली की खंबा. पिऊन कुठे जातो ते वहिनीलाही माहीत आहे. खिशात निरोध असतो, पण पाकीट फोडलेलं नसतं. केंद्रावर नेलं तर मॅडमनी 'दारू सोडा' म्हणून पत्रक दिलं. त्यात त्याने शेंगदाणे बांधून घेतले. चांगलं समुपदेशन कुठे मिळेल? परवा गाडीवर जातोय, लवकर सांगा.

पायवाट: टेस्ट झालीय का? शेवटचं कधी गेला होता?

मिरचीभजी: पंढरीची माळ घालायला लावा. मामाची अशीच सुटली.

टपरी_नं_२: गोळी मिळते, चहातून द्या. मेव्हण्याची १५ दिवसांत बंद.

सिस्टर_नाइट: चोरून अजिबात नाही! त्यावर दारू प्यायला तर बीपी पडतं, जीवही जातो.

टपरी_नं_२: आमच्याकडे काही झालं नाही.

सिस्टर_नाइट: तुमचं नशीब. घाटरस्ता, पायवाटने विचारलंय त्याचं उत्तर द्या.

घाटरस्ता: टेस्ट गेल्या महिन्यात, निगेटिव्ह. शेवटचं रविवारी रात्री.

सिस्टर_नाइट: अहो, हे आधी सांगायचं! आज मंगळवार. पीईपीच्या, म्हणजे संबंधानंतर एचआयव्ही लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, पुढे २८ दिवस. उद्यावर टाकू नका. आत्ताच सिव्हिलला न्या, एआरटी सेंटर (एचआयव्हीची औषधं देतात ते) विचारा. अडलं तर १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनला फोन.

मिरचीभजी: डास चावून एचआयव्ही होत नाही, घाबरू नका.

पायवाट: डासांचं कोणी विचारलंय?

पायवाट: मी ड्रायव्हर लोकांत काम केलंय. 'सोडा' म्हटलं की माणूस परत येत नाही. कुठल्या ढाब्यावर, कोणासोबत, कितव्या पेगनंतर पाय तिकडे वळतात, हे त्यालाच बोलू द्या. एकाने ठरवलं होतं, बाटली उघडायच्या आधी पैशाचं पाकीट क्लीनरकडे द्यायचं. पीत राहिला, पण तिकडे जायला पैसेच नसायचे. सकाळी हात कापतात का त्याचे?

घाटरस्ता: कापतात. चहा सांडतो.

सिस्टर_नाइट: मग घरच्या घरी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. तेही डॉक्टरांना सांगा.



घाटरस्ता: केसपेपर काढलाय. दादा म्हणतो, नाव खोटं सांगू का?

पायवाट: खरंच सांगू दे. २०१७ चा एचआयव्हीचा कायदा आहे, बाहेर सांगता येत नाही त्यांना.

घाटरस्ता: बरं. पुढे अकरा जण आहेत.