कडक सस्पेन्शन काढून घरीच मऊ शॉकअप-स्प्रिंग घालावेत का?

मोकळा_रस्ता (धागाकर्ता)
माझं मत : घालावेत, आणि घरीच घालावेत. गाडी बारीकसारीक खड्ड्यांवरही पाठीत दणके देत असेल, तर डिकीत वाळूची पोती टाकण्यासारखे उपाय करत बसू नये. मागे बीम ॲक्सल (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा) असेल आणि स्प्रिंग-शॉकअप वेगवेगळे असतील तर काम एका दुपारचं आहे. पुढच्या चाकांना अडसराचे ठोकळे लावा, गाडी जॅक स्टँडवर (पक्क्या आधारावर) घ्या, बीमला जॅकचा आधार द्या, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा आणि बीम सावकाश खाली सोडा. स्प्रिंग मोकळी होऊन हातात येते. तेवढ्या वेळात ब्रेकचे होज (रबरी नळ्या) ताणले जात नाहीत ना, याकडे लक्ष हवं. पुढे स्ट्रट (शॉकअप आणि त्याभोवती स्प्रिंग असा एकच जोड) असतो, तिथे स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारं अवजार, लागेल. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कारण लिहावं.

टॉर्क_पाना
"कॉम्प्रेसर लागेल" एवढ्यावर तुम्ही पुढे सरकलात, माझा विरोध नेमका तिथेच आहे. २५ न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग १०० मिमी दाबली की २५०० न्यूटन, म्हणजे अडीचशे किलोच्या आसपास जोर त्यात साठतो. दोन आकड्यांचे (हुकांचे) कॉम्प्रेसर बरोबर समोरासमोर लागले नाहीत, तर स्प्रिंग केळीसारखी वाकते आणि आकडा वेटोळ्यावरून सरकतो. इम्पॅक्ट गन (नट फिरवणारं मशीन) लावली तर कॉम्प्रेसरच्या स्क्रूच्या आट्या झिजतात. वरचा नट स्प्रिंग सीटवरून सुटी होण्याआधी सोडला, तर वरचं माउंटिंग (स्ट्रट गाडीला जोडणारा भाग) थेट तोंडावर येतं. स्ट्रट घरी काढा-बसवा, हरकत नाही. पण स्प्रिंग उतरवण्याचं काम भिंतीला पक्क्या केलेल्या कॉम्प्रेसरवर, गॅरेजमध्येच करून घ्या.

मोकळा_रस्ता
धोका मान्य, पण तो काम टाळायचं कारण होत नाही. दोन्ही बाजू हातपान्याने आळीपाळीने थोड्या थोड्या आवळायच्या आणि स्प्रिंग सीटमध्ये हाताने फिरू लागल्याशिवाय वरच्या नटला हात लावायचा नाही. स्प्रिंगच्या टोकांसमोर उभं राहायचं नाही. शॉकअपचा रॉड फिरू नये म्हणून त्याच्या टोकाला ॲलन की लावावी. प्लायरने रॉड धरला की पॉलिशवर ओरखडा उठतो, आणि तोच ओरखडा पुढे सील फाडून तेल गळवतो.

हवा_तपासा
दोघांचंही भांडण एक पायरी पुढे गेलंय. गाडी कडक आहे हे ठरवलं कशावरून? टायर थंड असताना हवा मोजा आणि दाराच्या खांबावरच्या स्टिकरशी ताडून पाहा. ३२ पीएसआयच्या जागी ४० भरलेले असतील तर कुठलीही स्प्रिंग काही करू शकणार नाही. टायर लो-प्रोफाइल असेल तर त्याची भिंतच आखूड, खड्ड्याची धार थेट वर पोचते. आणि आधीच्या मालकाने गाडी बसकी करायला स्प्रिंग कापली असेल तर? वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडक होते, शिवाय बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबलं की टेकणारा रबरी ठोकळा) जवळ येतो आणि दर दणक्याला गाडी त्यावरच आदळते. अशा गाडीला मऊ स्प्रिंग नकोत, कंपनीच्या मापाच्या मूळ स्प्रिंग हव्यात.

वेटोळं
इथे मूळ प्रश्न लांबीचा आहे आणि तो अजून कोणी काढलेला नाही. एका पुढच्या चाकावर ३५० किलोचा भार धरा. स्ट्रटमध्ये चाक जेवढं हलतं जवळपास तेवढीच स्प्रिंग दबते, म्हणून हिशेब सोपा. प्रति मिलिमीटर २५ न्यूटनची स्प्रिंग त्या भाराखाली सुमारे १३७ मिमी दबते, २० न्यूटनची १७२ मिमी. म्हणजे मोकळ्या लांबीत काही न बदलता नुसती मऊ स्प्रिंग घातली, तर गाडी ३४ मिमी खाली बसेल! उशी मऊ झाली, पण खालची जागा गेली. मग बंप स्टॉपला धडका बसतात आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त आदळते. म्हणून मऊ स्प्रिंग मोकळी असताना तेवढीच जास्त लांब हवी. तारेचा फरकही बघा : १२ मिमीची तार ११ मिमी केली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर कडकपणा सुमारे ३० टक्क्यांनी उतरतो. अंदाजाने दुसऱ्या मॉडेलची स्प्रिंग बसवणाऱ्यांनी हे आधी मोजावं.

टॉर्क_पाना
वेटोळं, अगदी बरोबर. त्यात शॉकअपचीही भर घाला. मऊ स्प्रिंग आणि जुना कडक शॉकअप ही जोडी वाईट. रिबाउंड (दबलेला शॉकअप परत उघडतानाचा विरोध) जोरदार असेल तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक खाली यायला वेळच मिळत नाही. गाडी प्रत्येक खड्ड्यागणिक खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर चालते. उलट शॉकअप फारच ढिला घेतला तर गतिरोधकानंतर ती दोन-तीन हेलकावे घेत राहते. एका ॲक्सलचे दोन्ही शॉकअप एकदमच बदला.

हवा_तपासा
नवे ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचे) शॉकअप आडवे पडून आलेले असतात. बसवण्याआधी उभे धरून पाच-सहा वेळा सावकाश, पूर्ण दाबा-ओढा. आतली हवा निघून ठोका जातो. नाहीतर पहिल्या दिवशी टकटक आवाज येतो आणि लोक विनाकारण माउंटिंग बदलतात.

मोकळा_रस्ता
'वेटोळं' यांचा मुद्दा मी धाग्याच्या अटींत घेतो : लांबी आणि जोडी दोन्ही पक्की असेल तरच. मात्र घरी काम बिघडतं ते स्प्रिंगपेक्षा बुशमुळे (सांध्यातल्या रबरामुळे) जास्त. कंट्रोल आर्मचे (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्याचे) बोल्ट गाडी लटकत असतानाच पूर्ण आवळले, तर गाडी खाली उतरल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं. ते स्वतःच स्प्रिंगसारखं ताठ होतं आणि काही महिन्यांत फाटतं. आधी हाताने बसवा, गाडी चाकांवर आणा, एकदोनदा दाबून सोडा, मग टॉर्क पाना (ठरल्या जोराने आवळणारा पाना) लावा. आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच. स्ट्रट काढताना नकल (चाकाचा हब धरणारा भाग) तारेने बांधा. ते बाहेर कललं की ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट सुटू शकतो. कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) होजवर लोंबकळू देऊ नका. नकलला धरणाऱ्या बोल्टची जागा आधी रंगाने खुणवा, तरीही नंतर चाकांची अलाइनमेंट करावीच लागते, कारण उंची बदलली की टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बदलतो.

टॉर्क_पाना
आणि हेडलाइटचा झोतही. एवढं सगळं करून, पाच माणसं आणि सामान भरून चाचणी घ्या. एकट्या चालकाने फेरी मारून "मस्त झाली" म्हणायचं आणि भरलेल्या गाडीने मागे तळ टेकवायचा, हे मला मान्य नाही. भरलेली गाडी नेहमीची असेल, तर मागे मऊ स्प्रिंग घालूच नयेत असं मी अजूनही म्हणतो.

मोकळा_रस्ता
मागे प्रोग्रेसिव्ह (दबेल तशी कडक होणारी) स्प्रिंग घाला : हलक्या भाराला दाट वेटोळी काम करतात, जड भाराला ती मिटतात आणि स्प्रिंग कडक होते. बाकी पुढच्या स्ट्रटबद्दल आपलं मत वेगळंच राहणार.